‘हॅव’ आणि आपले ‘आहे’
(अंबरनाथ तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



इंग्रजी व्याकरणावर विद्वत्तापूर्ण व्याख्यान देण्याचा माझा मानस नाही. एका लहानशा क्रियापदाविषयी आपणांशी चार शब्द बोलावे, एवढाच हेतू आहे. ते क्रियापद म्हणजे ‘हॅव’. सन २००० पासून आपल्या राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. तेव्हापासून खेड्यातील मुलाची या क्रियापदाशी गाठ अगदी कोवळ्या वयात पडते, आणि पहिली ठेच त्याला बहुधा येथेच लागते.

माझ्या स्वतःच्या चुकीपासूनच प्रारंभ करतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीने ‘मला दोन भाऊ आहेत’ या वाक्याचे इंग्रजी ‘टू मी टू ब्रदर्स आर’ असे केले. मी तांबड्या शाईने फुली मारली आणि ते वाक्य वर्गाला मोठ्याने वाचून दाखविले. वर्ग हसला, मीही हसलो. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलीने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही. पुढे विचार करता माझ्या ध्यानी आले की, तिने आळस मुळीच केला नव्हता. ‘मला’ या शब्दासाठी ‘टू मी’ आणि ‘आहेत’साठी ‘आर’, असा मराठीचा नियम तिने इमानाने पाळला होता. दोन भाषांची ठेवण येथे वेगळी आहे, ही एकच गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. आणि ती सांगणे हे माझे काम होते.

ही ठेवण कशी वेगळी आहे ते पाहू. ‘हॅव’ या अर्थाचे स्वतंत्र क्रियापद मराठीत नाही. आपण ‘असणे’ या एकाच क्रियापदावर काम भागवितो. मात्र नात्यानात्याप्रमाणे मागचा शब्द बदलतो. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे आप्तसंबंधाचे. ‘माझ्याजवळ पाच रुपये आहेत’ हे हाताशी असलेल्या वस्तूचे. ‘आमची भातशेती आहे’ हे मालकीचे. ‘गाईला दोन शिंगे आहेत’ हे अवयवांचे. ‘त्याच्या अंगी धैर्य आहे’ हे गुणाचे. ‘मला ताप आहे’ हे शरीराच्या अवस्थेचे. भाऊ, पैसा, शेत, शिंग, धैर्य आणि ताप या सर्वांना इंग्रजी एकाच ‘हॅव’ने बांधते. या शब्दाचे मूळ हाती धरणे, पकडणे या अर्थाच्या जुन्या धातूत आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. जे जे आपले, ते ते जणू मुठीत धरलेले, अशी ती कल्पना आहे. आपल्या भाषेत मनुष्य काही धरून ठेवीत नाही. वस्तू त्याच्याजवळ, त्याला, त्याच्या अंगी ‘असते’.

यात मराठीचे काही उणे आहे असे कोणी समजू नये. संस्कृत, हिंदी आणि दूरची रशियन भाषा यांचीही रीत अशीच आहे. दूर तरी कशाला जावे? फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांच्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील बाजारात आपली मुले आईबापांबरोबर कापडचोपड घ्यावयास जातात. तेथे कान देऊन ऐकावे. ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ हे सिंधीत ‘मूं वटि किताबु आहे’ असे होते. वस्तू तेथेही ‘जवळ’च असते आणि ‘आहे’ तर आपलेच वाटावे असे. वर्गात सिंधी घरातील मूल असेल, तर हे वाक्य त्याच्याच तोंडून वदवून घ्यावे. त्याला आपली भाषा परकी वाटणार नाही.

आता शिकविण्याविषयी. ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ असे फळ्यावर लिहून पाठ करवून घेण्याची आपली जुनी सवय आहे. तिने दुहेरी हानी होते. इंग्रजी तर बिघडतेच. पण उलट भाषांतर करताना मूल ‘माझ्याजवळ दोन भाऊ आहेत’ असे लिहू लागते आणि त्याची मराठीही बिघडते. म्हणून शब्दाला शब्द देऊ नये. वाक्याला वाक्य द्यावे, आणि तेही कृतीसह.

मुलाच्या हाती खरोखर लेखणी द्यावी आणि त्याने म्हणावे, ‘आय हॅव अ पेन’. ती लेखणी शेजारच्या मुलीकडे जावी आणि वर्गाने म्हणावे, ‘नाऊ शी हॅज अ पेन’. ‘हॅव’ आणि ‘हॅज’ यांतील भेद येथे नियम न सांगताच कळतो. मग अवयव, मग भावंडे, आणि शेवटी गाव. अंबरनाथला इ. स. १०६० च्या शिलालेखाचे शिवमंदिर आहे; तेव्हा ‘अंबरनाथ हॅज ॲन ओल्ड टेंपल’. मात्र ‘बदलापूरजवळ बारवी धरण आहे’ येथे ‘जवळ’ हे खरोखरीचे अंतर दाखविते. तेथे ‘हॅव’ चालत नाही, ‘देअर इज अ डॅम नियर बदलापूर’ असेच म्हणावे लागते. ही दोन वाक्ये शेजारी शेजारी लिहिली की मुलांना भेद आपोआप उमगतो.

वरच्या इयत्तांत ‘आय हॅव रिटन अ लेटर’ असे प्रयोग येतात. तेथे ‘हॅव’चा मालकीचा अर्थ लोपला आहे. ‘मी पत्र लिहिले आहे’ या वाक्यात आपले ‘आहे’ जसे साहाय्यक होते, तसेच ते समजावे. मात्र ‘काल’ हा शब्द आला की तेथे ‘हॅव’ येत नाही. ‘आय रोट अ लेटर यस्टर्डे’ असेच म्हणावे, एवढे बजावून ठेवावे.

बंधुभगिनींनो, मुलाची चूक ही पुष्कळदा त्याच्या मातृभाषेने दिलेली साक्ष असते. फुली मारण्यापूर्वी ती साक्ष ऐकून घ्यावी. ‘तू मराठीत बरोबर विचार केलास, इंग्रज माणूस हेच असे म्हणतो’, एवढे एक वाक्य त्या दिवशी मी बोललो असतो, तर त्या मुलीचे तोंड मिटले नसते. आपल्या वर्गात ते मिटू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.