फलकावरील स्वल्पविराम
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. ज्याची हयात शाळेतील फळ्यासमोर गेली, त्याने अक्षरांखेरीज दुसरे काय बोलावे? म्हणून सार्वजनिक फलकांवरील विरामचिन्हांचा विषय घेतो. तो कित्येकांना क्षुल्लक वाटेल. यास्तव आरंभी माझाच एक अपराध निवेदन करतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयात आरोग्य-तपासणीचे शिबिर भरले होते. पुढील बाकांसाठी फलक मीच लिहिला : ‘वृद्ध स्त्रिया व मुले यांच्यासाठी राखीव’. दुपारी पाहतो तो बाक रिकामे, आणि ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ काठीवर भार देऊन भिंतीशी उभे! मी बसण्याची विनंती केली, तेव्हा फलकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “मास्तर, हे बाक म्हाताऱ्या बायकांचे आहेत.” ‘वृद्ध’ या शब्दानंतरचा स्वल्पविराम माझ्या हातून राहिला होता. ३५ वर्षे मुलांच्या वह्यांत जे चिन्ह मी तांबड्या शाईने घातले, त्याच्याच अभावी एक थकलेला जीव ताटकळत राहिला.

पूर्वीच्या मोडी लेखनात विरामचिन्हे जवळजवळ नसत. शब्दही सलग लिहिले जात. पण तो कागद वाचणारा बहुधा सरावलेला कारकून असे. तो संदर्भाने अर्थ लावी. पुढे छापील ग्रंथ सर्वांच्या हाती जाऊ लागले, तेव्हा वाचकाच्या सोयीसाठी ही चिन्हे आली. ती मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली प्रसिद्ध झाली. फलकाचा वाचक तर वाटेने जाणारा, घाईतला. लिहिणारा त्याच्या शेजारी उभा नसतो. आपण बोलताना जेथे थांबलो असतो, तेथे चिन्हानेच त्याला थांबविले पाहिजे.

आणखी दोन दोष जागोजागी आढळतात. ‘वेळ’ या शब्दापुढे अपूर्णविरामाऐवजी विसर्ग देऊन ‘वेळः’ असे लिहितात. दोन्हींची टिंबे सारखी दिसली, तरी विसर्ग हा उच्चार आहे आणि अपूर्णविराम हे केवळ चिन्ह आहे. उलटपक्षी ‘दुःख’ शब्दात विसर्गाच्या जागी अपूर्णविराम बसवितात. दुसरा दोष अवतरणचिन्हांचा. शोभेसाठी म्हणून दुकानदार ‘शुद्ध’ तूप असे लिहितो. चाणाक्ष गिऱ्हाईक मात्र मनात म्हणते, नावापुरतेच शुद्ध दिसते!

यात रंगाऱ्याला बोल लावू नये. तो हाती दिलेल्या कागदाची नक्कल करतो. संगणकही दिले तेच छापतो. जबाबदारी मजकूर देणाऱ्याची. उपाय सोपा आहे. फलक टांगण्यापूर्वी, ज्याला मजकूर ठाऊक नाही अशा एखाद्या मुलाकडून तो मोठ्याने वाचून घ्यावा. तो जेथे अडखळेल, तेथे चूक आहे असे समजावे. आपल्या कार्यालयातील सर्व फलक येत्या सुटीत मुलामुलींकडून असे तपासून घ्यावेत, ही माझी नम्र सूचना आहे.

ते वृद्ध गृहस्थ आज हयात नाहीत. तो जुना फलक मी माळ्यावरून शोधून काढला आणि काल त्यावर स्वल्पविराम दिला. आज तो दारालगतच्या बाकावर लावला आहे. आपल्यातील वृद्ध पुरुषांनी तेथे निःसंकोच बसावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.