खड्ड्यांचा खर्च कुणाच्या नावे?



 पांझरेकाठच्या धुळ्यातल्या या परिषदेची निमंत्रणपत्रिका पाहून काहींनी विचारलं, हिशेबनीस आणि गुराढोरांचे डॉक्टर एका मांडवात कशाला? त्याच्या उत्तरासाठी नवापूरला जावं लागतं.

भारतात एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नवापुरात. १९९८ पर्यंत नवापूर आमच्याच धुळे जिल्ह्यात होतं. शेडला लागून शेड, एकेका शेडमध्ये हजारो कोंबड्या. अशा दाटीत विषाणूला फार हिंडावं लागत नाही. लाखो पक्षी मारून खड्ड्यांत पुरले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातही साथ निघाली. देशभर अंड्या-कोंबड्यांचे भाव कोसळले, भरपाई सरकारी तिजोरीतून गेली. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा तेच. दाटीमुळे अंडं स्वस्त पडतं म्हणतात. ते खड्डे खणण्याचा खर्च अंड्याच्या किमतीत कुणी धरला होता?

कंपन्यांकडे असा हिशेब मागणारा सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, बीआरएसआर (व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता) अहवाल आता आला आहे. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे. पाणी किती उपसलं, कचरा किती झाला, कामगार किती जखमी झाले, सगळं मांडायचं. चांगलंच आहे, निदान विचारतंय तरी कुणी. पण कुंपणापलीकडच्या गावात साथ आली, तर तिच्यासाठी रकाना नाही. आणि शेडवाला छोटा पोल्ट्रीधारक तर शेअर बाजाराच्या खिजगणतीतही नाही.

तूट वाटून घेणं आम्हाला नवं नाही. याच पांझरेवर आमच्या जुन्या लोकांनी सिंचनाची फड पद्धत चालवली. बंधाऱ्याचं पाणी पाटाने फडांत जायचं, एका फडात एकच पीक. पाटकरी पाळीने पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा. नदी आटली की कोणता फड पडीक ठेवायचा, हे लाभधारक मिळून ठरवत. तूट कुणा एकाच्या गळ्यात पडत नसे. कंपनीच्या ताळेबंदात मला हीच नजर हवी आहे.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. साथीच्या खर्चाच्या रकान्याचा एक कच्चा नमुना या परिषदेत कागदावर उतरावा. काय मोजायचं ते डॉक्टरांनी सांगावं, कुणाच्या नावे टाकायचं ते लेखापालांनी. वाद झाला तर होऊ द्या. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. पाहुण्यांनी मिरचीचा अंदाज घेऊनच घास घ्यावा.