दुखणे गप्प करणारी पुडी



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. स्टेरॉइड या औषधाशी आमची ओळख झाली ती एका हमालामुळे. कराडच्या बाजारात गुळाच्या ढेपा वाहणारा हा गडी. त्याचे गुडघे धरले. घरी बसावे तर मजुरी बुडते. कोणीतरी बिननावाची पुडी दिली आणि तीन दिवसांत गडी पुन्हा ओझे उचलू लागला! पुढे तोंड वाटोळे झाले, तेव्हा आम्हीच म्हणालो, "तब्येत सुधारली की रे!" वर्षभराने पुडी मिळेनाशी झाली आणि चार दिवसांत तो उलट्या होऊन कोसळला. पुडीत स्टेरॉइड असणार, हे डॉक्टरांनी लक्षणांवरून ओळखले.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्या हा रस रोज थोडा थोडा करतात. तो बाहेरून आयता मिळू लागला की त्या सुस्तावतात. कंत्राटी माणसे आणून काम भागविले की कायम कामगार बसून राहतो. मग कंत्राटी माणसे एके दिवशी निघून गेली की खाते बंद! म्हणून फार दिवस घेतलेले हे औषध एकदम सोडायचे नसते. डॉक्टर ते पायरीपायरीने उतरवितात.

पण औषधाला शिव्या देण्यात अर्थ नाही. २१ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईस कॉर्टिझोन टोचले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइशस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याच सांध्यांवर उठलेले शरीराचे रक्षक हे औषध थोपविते. रोगाचे मूळ मात्र काढीत नाही. रक्तातील साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, हेही त्याच्याबरोबर येते.

जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरील करोना-रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. रोज अवघे ६ मिलिग्रॅम! ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता, त्यांना मात्र फायदा झाला नाही. हे दुसरे वाक्य आपल्याकडे किती जणांनी ऐकले? २०२१ साली महाराष्ट्रात काळ्या बुरशीने कित्येकांचे डोळे आणि जबडे गेले. आटोक्यात नसलेला मधुमेह आणि बेसुमार स्टेरॉइड ही त्यामागची मोठी कारणे होती.

पुडी का घेतलीस, असे आम्ही त्या हमालाला इस्पितळात विचारले. तो म्हणाला, "अण्णा, गुडघा धरला म्हणून मजुरी कोण देतंय?" महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. त्याखालच्या नोंदीत त्याचे नाव नव्हते. ते चढविण्याचे काम आमचे होते.