पदवीची वाट रुग्णाच्या घरावरून



आपले संमेलन कांजूरमार्गला भरले, याचा मला विशेष आनंद आहे. भांडुपपासून विक्रोळीपर्यंतच्या या पट्ट्यात कितीतरी घरे कारखान्यांच्या पाळ्यांवर चालली. पॉवर प्रेसखाली बोटे सापडलेला कामगार टाके निघाले की पहिला प्रश्न विचारतो, "साहेब, कामावर कधी जाऊ?" शस्त्रक्रियेने हात वाचतो. त्या हाताने पाना धरता येईल का, सदऱ्याची बटणे लागतील का, गर्दीत लोकलचा दांडा पकडता येईल का, हे बघणे मात्र आपल्याकडे, व्यवसायोपचारतज्ज्ञांकडे येते. ते शिकायचे कुठे आणि कसे, एवढ्याच विषयावर आज मी बोलणार आहे.

आपल्या शिक्षणाचा आरंभ इथून फार लांब नाही. मूळच्या अमेरिकन आणि लग्नानंतर भारतीय झालेल्या कमला निंबकर यांनी चाळिशी ओलांडल्यावर फिलाडेल्फियाला जाऊन हे शास्त्र शिकून घेतले, आणि 1950 साली परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. आशियातली ही पहिली शाळा मानली जाते. दोनच वर्षांनी, 1952 साली, व्यवसायोपचारतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारताचे नाव लागले. पुढे 1958 साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण सुरू झाले. केईएमची शाळा निघाली तेव्हा देश नुकता स्वतंत्र झाला होता, पोलिओने पाय गेलेली मुले घरोघरी होती, आणि एका बाईंनी ठरवले की या कामासाठी माणसे इथेच तयार व्हायला हवीत. त्या निर्धाराचे मोल मला आजच्या कुठल्याही इमारतीपेक्षा मोठे वाटते.

आजची वाट आपल्या सर्वांना पाठ आहे. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, मग नीट, मग राज्य सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्या. केईएम, सायन, नायर, हाजीअलीची केंद्रीय संस्था, नागपूर, शिवाय काही खासगी महाविद्यालये. आजवर चार वर्षांचे शिक्षण आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप, त्यानंतर राज्य परिषदेची नोंदणी, आणि इच्छा असेल त्याला पदव्युत्तर शिक्षण. 2021च्या कायद्याने आपल्यासारख्या सहयोगी आरोग्य-व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला आहे आणि अभ्यासक्रम देशभर एका मापाचा होऊ घातला आहे.

पण प्रवेशफेरीच्या अर्जात आपला अभ्यासक्रम कितव्या ओळीवर भरला जातो, हे इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. एमबीबीएस नाही, बीडीएस नाही, मग हे. अशा वाटेने आलेल्या मुलांना मी तसूभरही कमी लेखत नाही. आपल्यातले कितीतरी उत्तम तज्ज्ञ तसेच आले. मला काळजी आहे ती पहिल्या वर्षाची. शरीररचना आणि शरीरक्रिया यांच्या जाड पुस्तकांत ते वर्ष सरते, आणि आपण कशासाठी इथे आलो हे त्या मुलाला कळायला पुढचे वर्ष उजाडते. तोवर त्याने मनातून विषय सोडलेला असतो.

म्हणून माझे ठाम मत आहे की विद्यार्थ्याने पहिल्याच सत्रात रुग्णाच्या घराची पायरी चढावी. रुग्णालयातल्या विभागात टेबल योग्य उंचीचे असते, उजेड भरपूर असतो, पेगबोर्ड समोर मांडलेला असतो. अर्धांगवायूतून सावरणारी बाई तिथे सगळे करून दाखवते. घरी गेल्यावर तिला जमिनीवर बसून कणीक मळायची असते, मोरीचा उंबरठा ओलांडायचा असतो, चाळीत राहत असेल तर बादली घेऊन गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जायचे असते. उकिडवे बसता येत नसेल तर तिचा दिवस सकाळीच अडतो. यातले एकही काम परदेशी पाठ्यपुस्तकाच्या मूल्यमापन-तक्त्यात धडपणे बसत नाही. ते स्वतः पाहिलेल्या मुलाला गुडघ्याच्या सांध्याचा धडा वेगळाच वाचावासा वाटेल.

जागतिक महासंघाच्या किमान निकषांत 1000 तासांचे प्रत्यक्ष क्षेत्रकार्य सांगितले आहे. हे तास आपण बहुतांशी वॉर्ड आणि ओपीडीत भरतो. त्यातला एक भाग या कांजूरसारख्या वस्तीत का असू नये? पूर्वेला प्रकल्पग्रस्तांच्या इमारती आहेत, मुलुंडला कामगार विमा रुग्णालय आहे, महापालिकेच्या शाळा आहेत आणि त्या शाळांत पेन्सिल धरता न येणारी मुले आहेत. पलीकडे पवईला आयआयटीत डिझाइन शिकणारे विद्यार्थी आहेत. कमोडची खुर्ची किंवा जाड मुठीचे उलथने कसे असावे, हे त्यांनी आणि आपल्या विद्यार्थ्यांनी मिळून एखाद्या रुग्णाच्या घरात ठरवले तर दोघांचेही शिक्षण होईल.

ज्यांच्याकडे अभ्यासमंडळाची जबाबदारी आहे त्यांना माझी विनंती आहे. घरभेटीचा अहवाल अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेत गुणांसह घ्या. गुण नसले तर भेटी कागदावरच होतील, हे आपण जाणतो. तो अहवाल रुग्णाच्या बोलीत झालेल्या संभाषणावर आधारलेला असू द्या, कारण "हात चालत नाही" म्हणणाऱ्या माणसाला नेमके काय करता येत नाही, हे त्याच्याच शब्दांतून काढावे लागते. आणि मुलांना एकटे धाडू नका. पहिल्या भेटीला शिक्षकाने सोबत जावे, जमिनीवर बसावे, आणि प्रश्न कसा विचारायचा ते तिथेच दाखवावे. वेळापत्रकात त्यासाठी आठवड्याची एक सकाळ मोकळी ठेवण्याचा ठराव याच संमेलनात मांडला जावा, आणि त्याला अनुमोदन द्यायला मी उभा आहे.