खाडी ओलांडली, पुढे काय?

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



दाभोळ म्हटले की तुम्हाला एन्रॉन आठवते. तो प्रकल्प खरे तर खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलला झाला. आम्ही काही कार्यकर्ते दाभोळला गेलो होतो. फेरीबोटीने वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. तिकीट काढले आणि पलीकडे गेलो. कोणी अडवले नाही. परतताना बोलणे निघाले ते चारशे वर्षांपूर्वीच्या अशाच एका पाण्याचे. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

तेव्हा दाभोळ हे विजापूरच्या आदिलशहाचे मोठे बंदर होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळले. १५१० साली आदिलशहाकडून गोवाही घेतला. गोवा शहर तिसवाडीच्या बेटावर, चारी बाजूंनी पाणी. पूर्वेची खाडी ओलांडली की फोंडा, म्हणजे आदिलशाही मुलूख.

त्या शहरात माणसांचा बाजार भरे. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन नावाच्या डच माणसाने लिहून ठेवले आहे की भर रस्त्यात गुलाम जनावरांसारखे विकले जात. आपण बैलबाजारात दात बघतो ना, तसे. ही माणसे आफ्रिकेतून आणलेली होती, तशी या देशातलीही होती. दुष्काळ पडला की आईबाप पोटची पोरे विकत. कोरडवाहू शेतकऱ्याला दुष्काळ काय करायला लावतो हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

खाडीच्या उतारांवर चौक्या होत्या. बेटावरच्या आपल्या लोकांना पलीकडे सामान आणायला जायचे तर उघड्या दंडावर शिक्का मारून घ्यावा लागे आणि येताना तो दाखवावा लागे. गुलामाला तो शिक्का कोण देणार? तो रात्रीच पाण्यात उतरणार. तरीही गुलाम पळत. पळून आदिलशाहीत जातात, ही पोर्तुगीजांची नेहमीची तक्रार होती.

उलटही होते. मालक ख्रिस्ती नसेल आणि त्याचा गुलाम ख्रिस्ती झाला तर त्याला सोडावे, असा गोव्यात कायदा होता. मालक ख्रिस्ती असेल तर मात्र सुटका नाही. दोन्ही राजवटींना समोरच्याचा गुलाम मोकळा करायला आवडे, घरचा नको.

आणि आपले घर स्वच्छ होते काय? पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या बाईला ‘कुणबीण’ म्हटले आहे. कुणबी म्हणजे शेतकरी. शेतकऱ्याच्या लेकीचे नाव गुलाम बाईला पडले, यातच सगळे आले. शिवाजी महाराजांनी १६७७ साली कर्नाटकात डचांना कौल देताना बजावले होते की माझा अंमल आहे तोवर इथे गुलाम घ्यायचे नाहीत आणि बाहेर न्यायचे नाहीत. तो धडा पुढच्यांनी गिरवला नाही. इंग्रजी मुलखात कायद्याने गुलामी संपली ती १८४३ साली.

गुलामीतून सुटलेल्यांतला एक तुम्हाला ठाऊक आहे. मलिक अंबर. हबशी पोर, अनेकदा विकला गेलेला. मालक वारल्यावर मोकळा झाला आणि निजामशाहीचा कारभारी झाला. मक्तेदाराऐवजी जमीन आणि पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने घातली. विकले जाणे काय असते हे ज्याला कळले होते, त्याने रयतेच्या मानेवरचा मक्तेदार काढला.

पण मलिक अंबर एखादाच. गोव्यातून घाट चढून रानात गेलेल्या आफ्रिकन माणसांचे वंशज, सिद्दी, आजही कारवार जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलात राहतात. त्यांच्या घरात कोकणी-मराठी वळणाची बोली आहे. सरहद्द ओलांडली, मालक मागे राहिला. पुढे काय मिळाले? जमिनीचा कागद नाही. बागायतदाराकडे मजुरी. उचल घेतली की फिटत नाही. अनुसूचित जमातीत त्यांची नोंद व्हायला २००३ साल उजाडले.

भावांनो, सीमेचा जाच आपल्यालाही माहीत आहे. एकाधिकार खरेदीच्या काळात आपलाच कापूस राज्याबाहेर नेला तर आपण चोर ठरत होतो. पण आमचे म्हणणे नीट ऐका. कापूस अडवला म्हणजे आपण गुलाम झालो, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचे शरीर विकले गेले, त्याच्या दुःखाशी बरोबरी नको. त्याच्याकडून शिकायचे ते एवढेच की बेडी तुटणे ही अर्धी सुटका. हातात जमीन, दाम आणि हिशेबाचा कागद आला की उरलेली अर्धी.

म्हणून शेवटचा प्रश्न आमच्यासकट सर्वांना. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. तरी आपल्या गावात कोणी सालगडी उचलीपायी अडकून पडला आहे काय? दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला मुकादम ‘फेडल्याशिवाय जायचे नाही’ म्हणतो काय? आपण सावकाराला हिशेब मागतो, बाजाराला भाव मागतो. मग आपल्या बांधावर राबणाऱ्याने हिशेब मागितला तर कपाळाला आठी का?

गावी गेल्यावर सालगड्याला बोलवा. त्याचा हिशेब त्याच्यासमोर मांडा, कागदावर लिहा आणि एक प्रत त्याच्या हातात द्या. त्याला जायचे असेल तर जाऊ द्या. आपल्या गावाची खाडी ती हीच. ती ओलांडताना त्याला रात्रीची वाट पाहावी लागू नये.