कोठीतले शिळे पान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा संगणकावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी त्या विषयातली जाणकार नव्हे. परंतु २०२१ च्या महापुरात आमच्या घरी एक प्रसंग घडला आणि त्यातून मी दोन गोष्टी शिकले. तेवढ्याच आज सांगते.

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळावरची पाने आपल्यापुढे मांडणारे साधन. क्रोम, फायरफॉक्स हे त्याचेच प्रकार. एकदा उघडलेल्या पानातला मजकूर आणि चित्रे तो संगणकातल्या एका कोठीत ठेवून देतो, म्हणजे दुसऱ्या खेपेस सारे दूरवरून आणावे लागत नाही. या कोठीला कॅशे म्हणतात. पैशाच्या कॅशशी तिचा काही संबंध नाही! उन्हाळ्यात वर्षाचे धान्य भरून ठेवणाऱ्या आपणां बायकांना ही रीत नवी नाही.

या ब्राउझरला मागाहून जोडता येतो असा लहानसा प्रोग्राम म्हणजे एक्स्टेंशन. कोणी मराठी लिहिण्यासाठी जोडते, कोणी जाहिराती अडवण्यासाठी.

आमचे घर शुक्रवार पेठेत. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, ते दिवस आपण कोणी विसरलेलो नाही. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे कोल्हापुरात पोरांनाही पाठ आहे. म्हणून माझ्या भाच्याने पाण्याची पातळी दाखवणारे एक घरगुती एक्स्टेंशन तयार केले. नेट गेले तरी ब्राउझरच्या कोठीतून पातळीचे पान काढून दाखवावे, असा त्याचा बेत होता.

पण ब्राउझर काही त्याला कोठीत शिरू देईना. साखर मागायला आलेल्या शेजारणीला आपण वाटीभर साखर दारात आणून देतो, कोठीची किल्ली देत नाही, तसेच हे. एक्स्टेंशनने एखादे पान मागितले, तर ब्राउझर ते कोठीतले काढून देईलही. पण आत काय काय आहे ते चाळू देत नाही. आणि ते बरेच आहे, कारण आपण कुठे कुठे फिरलो याच्या खुणा त्या कोठीत असतात. शिवाय जागा अपुरी पडली की ब्राउझर जुना माल न विचारता टाकून देतो. तेव्हा तिच्या भरवशावर राहणेही बरे नव्हे.

मग भाच्याने एक्स्टेंशनसाठी स्वतंत्र फडताळ केले. तशी सोय ब्राउझरमध्ये असते. पातळीचे पान आले की एक प्रत फडताळात जायची आणि नेट नसले की तीच समोर यायची. परवानगी मागितली ती त्या एकाच संकेतस्थळाची.

जुलै २०२१ मध्ये पाऊस कोसळू लागला. एका संध्याकाळी वीज गेली, नेटही गेले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. एक्स्टेंशन उघडले, तर आकडा इशारा पातळीच्या खालचा! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मग काय घाई? सकाळी बघू." मीही बांधलेले गाठोडे खाली ठेवले.

सासूबाई तेवढ्यात पायरीवर जाऊन आल्या. म्हणाल्या, "अगं, नाल्याचं पाणी उलटं फिरलंय. तुझं ते यंत्र सकाळचं सांगतंय."

आणि खरेच ते सकाळचे होते. पान सुबक होते, आकडा स्पष्ट होता, पण तो शिळा होता. दोन्ही घरे रात्रीच हलली. उजाडता आमच्या उंबऱ्याला पाणी लागले. त्या खेपेस नदी ५६ फुटांच्या वर गेली.

पूर ओसरल्यावर भाच्याने सर्वांत आधी एक दुरुस्ती केली. फडताळातले पान दाखवताना वर ठळक अक्षरांत 'जपून ठेवलेली प्रत' असे लिहून तारीख आणि वेळ घातली. भगिनींनो, ही माझी पहिली गोष्ट. पातळी असो, बाजारभाव असो की गाडीची वेळ, आकड्याआधी त्याची वेळ पाहा. ती नसेल तर नेट आल्यावर पान पुन्हा मागवा. आणि जुन्या माणसांचे 'मच्छिंद्री झाली का' हे विचारणे सोडू नका.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. कोठीला कुलूप आहे खरे, पण आपण पाटावर वाढून घेतलेल्या ताटाला कुलूप नसते. 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे' अशी परवानगी आपण एखाद्या एक्स्टेंशनला दिली, तर समोर उघडलेले पान, मग ते बँकेचे का असेना, त्याला वाचता येते. २०२० साली गूगलने अशी शंभरावर एक्स्टेंशने काढून टाकली. पडद्याचे चित्र घेणे, टाइप केलेली अक्षरे टिपणे असले उद्योग ती करू शकत होती. भारत सरकारच्या 'सर्ट-इन' संस्थेनेही तेव्हा लोकांना सावध केले होते.

हे वाचून मी आमच्या घरच्या संगणकातली यादी उघडली, तर सात एक्स्टेंशने निघाली. त्यांतली चार कोणी जोडली, हे कोणालाच आठवेना! ती काढली. हेही ध्यानात असू द्या, की ब्राउझरची कोठी झाडून काढली तरी एक्स्टेंशनचे स्वतःचे फडताळ तसेच राहते. एक्स्टेंशनच काढले की मग ते रिकामे होते.

म्हणून आज घरी गेल्यावर मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवून ती यादी एकदा पाहा. कामाचे तेवढे ठेवा आणि त्यालाही एका दाराचीच परवानगी द्या. घरात कोणाला कुठवर येऊ द्यायचे, हे आपणच ठरवत आलो आहोत. या यंत्राच्या घरातही ते आपणच ठरवावे, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.