किल्लीला कॉर्क


आज जाऊया इंग्लंडच्या कालव्यांवर.

तिथे लांबलचक, चिंचोळ्या बोटी चालतात.
रुंदी जेमतेम 7 फूट.
कुणी सुट्टीपुरतं येतं,
कुणी बाराही महिने तिथेच संसार थाटतं.

आता घरच पाण्यावर,
म्हणजे वस्तू पाण्यात पडणारच!
किल्ल्या, चष्मे, मोबाईल…
आणि जलद्वाराचं हँडल.

चढउतारावर बोट वरखाली न्यायला
कालव्यात जलद्वारं असतात.
त्यांच्या झडपा उघडायला
काटकोनात वळलेलं हँडल लागतं.
ते ओल्या हातातून निसटलं, की डुबुक!
म्हणून जाणते लोक
बोटीवर दुसरं हँडल ठेवतातच.

कालवा फार खोल नसतो.
पण पाणी गढूळ, आणि तळाशी चिखल.
डोळ्यांना काही दिसत नाही.
मग कामाला येतो दोरीला बांधलेला लोहचुंबक.
दोरीचं दुसरं टोक आधी बोटीला बांधायचं.
नाहीतर चुंबकही गेला!
मग तळावरून सावकाश ओढायचं.

लोखंडी वस्तू चिकटून वर येते.
पितळी किल्ली मात्र येत नाही.
अ‍ॅल्युमिनियमचं हँडलही नाही.
हाताला हलकं म्हणून घेतात ते, आणि इथे फसतात.

तेव्हा लक्षात ठेवा,
चुंबकाला दोरी, किल्लीला कॉर्क.
कॉर्कचा गोळा किल्ली तरंगती ठेवतो.
पण जुडगा जड असेल,
तर गोळ्यासकट बुडतो.
बोटीवर चढण्याआधी
बादलीभर पाण्यात टाकून बघा.